नवव्या चौकटीची मोहीम आणि मिशीचे कारण

श्रीगणराय समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्य सप्तमी, सोमवार, ते दिवशी बारडोली मुक्कामाहून प्रमिलाबाईसाहेब, वर्षा नामे उपवर कन्येच्या मातोश्री, यांचा मोबाइलवरून हुकूम आला जे, बायोडाट्याच्या फोटोत मुलास मिशी आहे, आणि काल रविवारी मुलगा बघावयास रूबरू आला त्यास मिशी नाही. तरी मिशी कोठे गेली, कोणी काढिली, कोणत्या कारणास्तव काढिली, हे खरेखुरे कळवावे, मग पुढील बोलणे. त्याजवरून बमरोलीत जे घडले ते येथे आदिअंत लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे ते शोभले म्हणून राहू दिले.

प्रथम मुलखाचे वर्तमान. सुरत शहराच्या दक्षिणेस, पांडेसऱ्याच्या अंगाला बमरोली म्हणून ठाणे आहे, तेथे यंत्रमागांचे कारखाने, ज्यांस तिकडे खाते म्हणतात, गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांचा गजर ऐसा की बापाने लेकास हाक मारिली तर लेकाने ती कानांनी न ऐकता बापाच्या ओठांवरून वाचावी. तेथे खानदेशची मंडळी पिढी-दीड पिढी मुक्काम करून आहेत, आणि त्यांत धर्मेंद्रजी, पारोळे प्रांतीचे, वय सत्तावीस, हे एका खात्यावर जॉबरचे मुतालिक होते. जॉबर म्हणजे बिघडला माग दुरुस्त करणारा सरदार, आणि मुतालिक म्हणजे त्याच्या हाती पाना देणारा. सहा वर्षे ते पाना देत होते. जॉबर निवृत्त होईना आणि पान्यास गंज चढेना, ऐशी स्थिती.

स्थळांच्या बाबतीतही धर्मेंद्रजींच्या नशिबी दस्तूर तोच. याआधी तीन ठिकाणी कांदेपोहे जाहले, तिन्ही ठिकाणी निरोप आला की मुलगा उत्तम आहे, परंतु दुसरे एक स्थळ अंमळ बरे निघाले. मग त्यांच्या मातोश्री शोभाबाई यांनी चौथ्या खेपेस मसलत बदलली, धर्मेंद्रजींस सहा महिने मिशी राखविली, कंगव्याने वळण दिले, आणि तो फोटो बायोडाट्यास लावून बारडोलीस रवाना केला. बारडोलीहून जबाब आला की रविवारी यावे, मिशी आवडली. तेव्हा ती मिशी मुलाची न राहता घराण्याची दौलत जाहली, आणि शोभाबाई जेवताना तिच्यावर लक्ष ठेवू लागल्या की आमटीत बुडते काय.

आता रणभूमी. गल्लीच्या तोंडाशी नांदेड प्रांतीचे आनंदाजी यांचे केशकर्तनालय. आत खुर्च्या दोन, पैकी एक फिरती आणि एक पूर्वी फिरणारी. आरशाच्या वरल्या भिंतीस नऊ चौकटी, आणि त्यांत थोरामोठ्यांच्या तसबिरी. तरुण मंडळी त्यास हॉल ऑफ फेम म्हणत, आनंदाजी भिंत म्हणत. चौकटींत दोन देव, तीन पुढारी, एक क्रिकेट खेळणारा, एक परदेशचा धबधबा, एक आनंदाजींचे सासरे, जे गृहसौख्यार्थ लाविले होते, ऐसे आठ. नववा पैलवान. त्यास भिंतीची ओल लागली, आणि पहिल्या पावसाळ्यात पैलवानाच्या मांड्या गेल्या, दुसऱ्यात छाती गेली, तिसऱ्यात नुसता लंगोट उरला, तेव्हा गिऱ्हाइकांनी विनंती केल्यावरून आनंदाजींनी ती तसबीर सन्मानाने उतरविली. चौकट रिकामी पडली. आणि रिकामी चौकट म्हणजे बेवारस तख्त, त्याजकरिता लढाई होणे भागच आहे.

दोन पक्ष उभे राहिले. एका पक्षाचे सेनापती धर्मेंद्रजी. त्यांचा उमेदवार रोल्फ झांपेरी नामे परदेशचा गाडीवान, जो गोल रस्त्यावर मोटार पळविण्याच्या शर्यतींत चौदा वर्षे झुंजला, आणि एकतीस वेळा दुसरा आला, आणि पहिला एकदाही आला नाही. धर्मेंद्रजी त्याच्या शर्यती मोबाइलवर बघत, आणि तो दुसरा आला की मोबाइल छातीशी धरून बसत. दुसऱ्या पक्षाचे सेनापती प्रवीणजी टेम्पोवाले, वाशीम प्रांतीचे, पलसाण्याच्या रंगाईकारखान्यांतून कापडाचे ताके भरून बाजारात पोचविणारे. त्यांचा उमेदवार म्हणजे बेमिसाल ब्रास बँड. हा बँड पंचवीस वर्षांमागे एका हिंदी सिनेमात होता. सिनेमाचे नाव कोणास धड आठवेना, नायक कोण यावर दोन मते, परंतु बँडची धून सर्वांस तोंडपाठ. वऱ्हाडी निघून गेलेले, मांडव रिकामा, आणि बँड तसाच वाजवीत उभा, तो प्रसंग बघून अख्खे थिएटर रडले होते म्हणतात. प्रवीणजींच्या टेम्पोचा भोंगाही तीच धून वाजवी, त्यामुळे ते मागे गाडी घेऊ लागले की गल्लीतील पोरीसोरी नाचत.

शुक्रवार, वद्य चतुर्थी, ते दिवशी बारापासून वीज दुरुस्तीकरिता बंद जाहली, आणि बमरोलीचे सगळे माग एकदम थांबले. आता लक्षात ठेवावे की माग थांबले म्हणजे माणसांस एकमेकांचे बोलणे ऐकू येते, आणि ऐकू आले म्हणजे भांडण होते. त्यात संकष्टी. निम्मी फौज उपाशी, चंद्रोदयास अवकाश, साबुदाणा पचून गेलेला. ऐशा समयी वीस-पंचवीस मंडळी आनंदाजींच्या दुकानी जमली, आणि कोणी तरी रिकाम्या चौकटीकडे बोट दाखविले.

प्रथम हल्ला प्रवीणजींनी केला. ते फिरत्या खुर्चीवर स्वार होऊन म्हणाले, "ज्याच्या रस्त्यात गाय नाई आली, फाटक नाई आलं, पुढं वरात नाई आली, तो कायचा डायवर? मले सांगा भाऊ, एवढं पेट्रोल जाळून त्यानं माल कोणता पोचवला? जिथून निघाला तिथंच परत आला."

हा मारा मोठा होता. फौजेत हास्याची लाट उठली, आणि धर्मेंद्रजींचे दोघे शिलेदार जागीच फितूर होऊन बाकावर जाऊन बसले. परंतु धर्मेंद्रजी पाय रोवून उभे राहिले आणि उलट जाबसाल केला की, झांपेरी निदान जन्मास तरी आला आहे, त्याचे आईबाप आहेत, तो पडतो तेव्हा त्याचे हाड मोडते. हा बँड मुळी नव्हताच, सिनेमापुरता उभा केला, सिनेमा संपताच नाहीसा जाहला, आणि ज्यास रेशनकार्ड नाही त्यास कीर्ती कोणत्या पत्त्यावर द्यावी? यावर प्रवीणजींनी धबधब्याकडे हात केला, की तो तरी कोणी बघितला आहे. आणि सासऱ्यांकडे हात करणार, इतक्यात आनंदाजींनी वस्तरा चामड्यावर अंमळ जोराने घासला, मग तो हात खाली आला.

मग प्रवीणजींनी तोफ डागिली की, ह्या गल्लीत दर लग्नसराईत वीस लग्ने होतात, वीसही लग्नांत हळदीला तीच धून वाजते, आजवर झांपेरीच्या नावाने कोणाची करवली नाचली काय? धर्मेंद्रजींनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. आणि तोच प्रवीणजी, जिंकत आलेला माणूस जे करू नये ते करतो तसे, एक शब्द जास्त बोलले. म्हणाले की एकतीस वेळा दुसरा, म्हणून तर तो तुले आवडते. तुह्यंही तसंच, खात्यात दुसरा, स्थळात दुसरा.

धर्मेंद्रजींनी उजवा हात मिशीस लाविला, आणि इरेस पेटून सर्वांसमक्ष बोलून गेले की, तो बँड खोटा आहे हे मी आत्ताच्या आत्ता सिद्ध करून देतो, न जाहल्यास ही मिशी ह्याच खुर्चीत उतरवीन. प्रवीणजींनीही त्वेषाने भोंगा पणास लाविला. आनंदाजींस पंच नेमिले. ज्याच्यापुढे माणूस डोळे मिटून गळा उघडा करितो, त्याचा निवाडा मानणे भागच आहे. त्यांनी हुकूम केला की दोन्ही बाजूंनी पुरावा आणावा, आरडाओरड करू नये, फिरती खुर्ची फिरवू नये.

धर्मेंद्रजींचा पुरावा खिशात होता. त्यांनी मोबाइलवर तो प्रसंग लाविला, आणि मंडळी डोक्यास डोके लावून बघू लागली. क्लॅरिनेटवाला नट होता त्याचा चेहरा दाखवून ते म्हणाले, गाल बघा, फुगतात काय? नाही. हवा कोठून जाते? कोठून नाही. मग जेथे केवळ बोटे दिसतात ती जागा त्यांनी दोन बोटांनी ताणून मोठी केली, आणि बोटे वाद्यावर ऐशी पळत होती की बघत राहावे. परंतु ती नटाची बोटे नव्हती. नट गोरा, हात सावळा. नटास अंगठी, हातास अंगठी नाही. तोंड एकाचे, हात दुसऱ्याचे, बँड संपूर्ण बनावट. फौजेत कुजबूज उठली, फितूर शिलेदार बाकावरून उठून परत आले, प्रवीणजींचे तोंड उतरले, आणि आनंदाजींनी निवाडा सांगावयास घसा साफ केला. फत्ते एक हात दूर राहिली होती.

तेव्हा धर्मेंद्रजींच्या नजरेस एक गोष्ट पडली.

धून मध्ये क्षणभर थांबत होती, आणि त्या क्षणभरात पडद्यावरला डावा हात वाद्य सोडून स्वस्थ राहावयाचा, तर तो स्वस्थ राहत नव्हता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, मधले बोट वळसा घेई, करंगळी आकड्यासारखी वर राही, आणि सर्व मिळून एक गाठ मारीत. तेथे सूत नव्हते. तरी गाठ मारीत. मागावर धागा तुटला की एका हाताने गाठ मारून तो जोडावा लागतो, आणि एक-एक विणकर दिवसात तीनशे-तीनशे गाठी मारितो, मग घरी येऊन जेवताना मारितो, झोपेत मारितो. मुंबईच्या कोणा वाजंत्र्याचा हात ऐसे करणार नाही. हा हात मागावरचा होता. आणि ही वर राहणारी करंगळी धर्मेंद्रजींनी सहा वर्षे रोज बघितली होती.

त्यांनी मान वर केली. समोर बाकाच्या टोकास त्यांच्याच खात्यावरचे जुने विणकर छगनबाबा दाढीच्या पाळीची वाट बघत बसले होते. वय सत्तरीजवळ, चाळीस वर्षे मागावर, त्यात दोन्ही कान गेलेले, त्यामुळे ह्या एवढ्या संग्रामातील एक शब्दही त्यांजपर्यंत पोचला नव्हता आणि मंडळी कशास जमली असावीत याविषयी त्यांचा अंदाज असा की कोणी वारले. उजव्या हाती चहाची बशी. डावा हात मांडीवर रिकामा होता, आणि तो गाठ मारीत होता.

आता धर्मेंद्रजींच्या मनाची अवस्था सांगावी तर ऐशी, की दुकानात पंचवीस माणसे आणि ही गोष्ट एकट्यास ठाऊक. मोबाइल त्यांच्याच हाती. अंगठा अंमळ सरकविला की चित्र पुढे जाते, हात नाहीसा होतो, चौकट झांपेरीची, भोंगा आपला, मिशी सलामत, आणि परवा रविवार, बारडोली, चौथे स्थळ, ज्यांस मिशी आवडली आहे. आयुष्यात एकदा पहिले येण्याची वेळ. आणि छगनबाबांस तर काही माहीतच नाही, त्यांचे काय जाणार होते? ऐसा विचार त्यांनी केला, तो खोटे कशास लिहावे, चांगला चार-पाच श्वासांइतका केला. बाबांनी चहा संपविला, बशी पुसली आणि हात पुन्हा गाठ मारू लागला.

मग धर्मेंद्रजी उठले, आणि गर्दी बाजूस सारून बाबांपुढे उकिडवे बसले, आणि खात्यात बोलतात तसे, आवाज न करिता, ओठ मोठे हलवून, विचारले की बाबा, हे कोण? आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरिला.

बाबांनी चष्मा लाविला. बराच वेळ बघितले. पुन्हा लाव म्हणून खूण केली, पुन्हा बघितले. मग म्हणाले, "तो मन्हा हात शे. तोंड कोन्हं शे, माले माहीत नही."

हे बोल पडताच दुकानात जो गलका उठला त्याचे वर्णन करणे नको. सर्वांस ठाऊक होते की छगनबाबा पूर्वी पावसाळाभर सुरतेत माग चालवीत आणि लग्नसराईस दोंडाईचे प्रांती बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. परंतु ते सिनेमात होते हे कोणास ठाऊक नव्हते. ओठांची आणि हातांची भाषा करून जे कळले ते येणेप्रमाणे. सिनेमावाले तापीकाठी मुक्कामास आले, नटाची बोटे वाद्यावर बसेनात, मग शेजारच्या लग्नातून ह्यांस उचलून नेले, वरण-बट्टी खाऊ घातली, नटाचा कोट चढविला, आणि सांगितले की हात तेवढा स्थिर ठेव. तेवढेच जमले नाही. पुढे सिनेमा लागला तेव्हा ह्यांस दोन-दोन पाळ्या, म्हणून बघणे जाहले नाही, आणि कान गेल्यावर हळदीत कोणती धून वाजते हे कळण्यास मार्ग नव्हता. गल्ली नाचते एवढे दिसे. इतकी वर्षे सांगितले कसे नाही, ऐसे प्रवीणजींनी डोळ्यांस पाणी आणून विचारले, त्यावर बाबांचे उत्तर की, "कोन्ही इचारं नही."

बँड खोटा नव्हता. चार बोटे आणि एक अंगठा, इतका तरी खरा होता. आनंदाजींनी निवाडा दिला की पुरावा ज्याने आणिला त्याच्यावरच उलटला, सबब मिशी हरली.

येथे प्रवीणजींची थोरवी नोंदविली पाहिजे. त्यांनी पुढे होऊन म्हटले की राहू दे भाऊ, परवा तुह्यं बघणं हाय, सांगितलं नसतं तर कोणाला कळणार होतं. आनंदाजींनीही वस्तऱ्यास धार नाही ऐसे सांगून पाहिले, जे त्यांनी बावीस वर्षांच्या चाकरीत प्रथमच कबूल केले. परंतु धर्मेंद्रजी खुर्चीवर जाऊन बसले, आणि फिरत्या खुर्चीवर न बसता पूर्वी फिरणाऱ्या खुर्चीवर बसले, आणि मान मागे टाकून म्हणाले, "काढ."

मग साबण लागला, आणि सहा महिन्यांची दौलत चार फटक्यांत टॉवेलावर आली. पंचवीस माणसे टोपी नसताना टोपी काढल्यासारखी उभी. तोच ही बातमी घरी पोचून शोभाबाई उपाशीपोटी धावत आल्या, दारात थबकल्या, खुर्चीतील इसमाकडे बघितले, आणि आनंदाजींस विचारले, "हाऊ कोन शे?" लेकाने तोंड फिरवून "माय" म्हटले, तेव्हा त्या बाकावर बसल्या त्या चंद्रोदयापर्यंत उठल्या नाहीत. मग सर्व प्रकार ऐकून घेतला, छगनबाबांचा डावा हात आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला, आणि लेकास घरी नेऊन मोदक वाढले. तीन जास्त वाढले. बोलल्या मात्र शनिवारी दुपारी.

शनिवारी फोटो स्टुडिओतून त्या हाताची तसबीर मोठी करून आणिली, आणि नवव्या चौकटीत बसविली, खाली नाव घातले: छगनबाबांचा हात. बाबा दाढीस आले ते त्याच हाताखाली बसले, आणि मान वर करून त्याजकडे बघून म्हणाले की करंगळी तेव्हापासूनच वाकडी होती तर. झांपेरीचे काय करावे यावर पुन्हा मसलत बसली, आणि ह्या वेळेस प्रवीणजींनीच तोड काढिली की त्यास चौकटीच्या बरोबर खाली लावावे, म्हणजे दुसरा. ही जागा त्यास इतकी शोभली की कोणी हरकत घेतली नाही. धर्मेंद्रजींनी खात्यातून वाटीभर खळ आणिली, जी सुतास ताठपणा यावा म्हणून लावितात, आणि तिने ती तसबीर आपल्या हाते चिकटविली.

रविवारी बारडोलीस जे घडले ते प्रमिलाबाईसाहेबांनी खासा बघितलेच आहे. त्यांनी फोटो बघितला, मुलगा बघितला, पुन्हा फोटो बघितला, आणि पोह्यांवर खोबरे भुरभुरविले; साखर कारखान्यात नोकरीस असलेले यजमान ऊस कसा आहे हेच बोलत राहिले; आणि वर्षाबाईंनी पाण्याचा पेला पुढे करिताना मुलाच्या ओठांवरील पांढऱ्या पट्ट्याकडे एकदा बघून जे हसू दाबिले, ते धर्मेंद्रजींनी हारीचे चिन्ह मानिले. मिशी गेली ती या कारणास्तव. चोरी, आजार, नवस, व्यसन, यांपैकी काही नाही. हकीकत रवाना.

पुरवणी. गुरुवार, वद्य दशमी, बारडोलीहून जबाब आला तो ऐसा. प्रमिलाबाईसाहेबांचा हुकूम की, मिशी पुन्हा येण्यास किती दिवस लागतील ते आनंदाजींस विचारून कळवावे, त्या बेताने साखरपुड्याची तिथी धरू. फोटो आधीच नातेवाइकांत फिरला आहे. आणि त्याखाली निराळ्या नंबरावरून, वर्षाबाईंचा स्वतःचा, एकच सवाल: "तुम्ही खालचा फोटो खळीनं लावला का? खळ पावसाळ्यात सुटते. खिळा मारा."

धर्मेंद्रजींनी तो निरोप उभ्याने वाचिला, मग बसून वाचिला, मग खात्यातील पाना खाली ठेवून जॉबरची परवानगी न घेता कूच केले, आणि तिसऱ्या प्रहरी आनंदाजींच्या दुकानी झांपेरीच्या तसबिरीस वर मधोमध खिळा मारिला. अंगठ्यावर एक घाव बसला, तो मोजण्यात घेतला नाही. बाहेर प्रवीणजींनी भोंगा वाजविला, आत छगनबाबांनी तो न ऐकता हात वर केला. साक्ष आनंदाजी, व आनंदाजींचे सासरे चौकटीतून.

येणेप्रमाणे बमरोलीची मोहीम फत्ते जाहली. खिळा दीड इंची.